सात नंबरची गाडी दोन ठिकाणी

...बरं, विचारलं ते विचारलं, पण साठ पोरांसमोर? तुम्हाला सांगते, अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, पंचवीस वर्षांनी परत वर्गात बसलेली, दुसऱ्या बाकावर, कारण पहिल्या बाकावर बसायची लाज वाटते आणि तिसऱ्यावरून फळा दिसत नाही... आणि पहिल्याच तासाला प्रोफेसरबाई येतात, खडू उचलतात आणि थेट माझ्याकडे बोट करून, "ताई, किती वाजले?"

आता मला वेळ विचारायची? मला? अहो, वीस वर्षं मी ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोनवर बसते! लोक रडतात, ओरडतात, पत्ता चुकीचा सांगतात, आणि मी एका हाताने लिहिते, दुसऱ्या हाताने गाडी पाठवते आणि तोंडाने "घाबरू नका" म्हणते, सगळं मिनिटाच्या हिशोबात. मी ऐटीत मनगट वळवलं आणि म्हटलं, "दहा वाजून बारा मिनिटं."

तर बाई म्हणतात, "कशावरून?"

कशावरून! अहो, काटे आहेत तिथे त्यावरून! मग त्यांनी शेजारच्या मुलीला विचारलं, ती म्हणाली दहा चौदा. मागचा म्हणाला दहा अकरा. भिंतीवरचं घड्याळ दहा वीस म्हणत होतं आणि ते बहुतेक गेल्या वर्षीचे दहा वीस होते. बाईंनी चारही आकडे फळ्यावर लिहिले, खडू झटकला आणि हसून म्हणाल्या, "यातलं खरं कुठलं ते कुणालाच ठाऊक नाही. आता पूर्ण सत्र आपण हेच शिकणार आहोत."

म्हणजे जे कुणालाच ठाऊक नाही ते शिकायचं! पूर्ण सत्र! मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. घर आहे, नवरा आहे, नोकरी आहे... मला काय गरज होती, सांगा!

नाही, गरज होती. तेच सांगते. थांबा, जरा मागे जाऊ दे मला.

तर आमच्या शहरात कंट्रोल रूम दोन. एक आमची, नदीच्या अलीकडची, एक पलीकडची. गाड्या मात्र दोघींच्या मिळून चौदा. पूर्वी वह्या होत्या, मग कॉम्प्युटर आले. इकडे एक, तिकडे एक, मध्ये वायर. मी गाडी दिली की तिकडच्या स्क्रीनवर ती लाल होणार, त्यांनी दिली की माझ्या. छान चाललं होतं. आणि एका सकाळी, अकराच्या सुमाराला, मला एका आजींचा फोन आला. यजमान जिन्यात पडलेत, तिसऱ्या मजल्यावर, उठता येत नाही. मी स्क्रीन बघितली, सात नंबरची गाडी हिरवी, मोकळी. दिली. आणि आजींना म्हटलं, "गाडी निघाली आहे, आजी. दार उघडून ठेवा."

त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, पलीकडच्या खोलीतल्या माझ्या मैत्रिणीने तीच सात नंबरची गाडी दुसऱ्या एका बाईंना दिली. तिच्याही स्क्रीनवर सात नंबर हिरवी! कारण मधली वायर तुटली होती. माझा कॉम्प्युटर म्हणाला निघाली, तिचाही म्हणाला निघाली, आणि गाडी बिचारी एकच. ड्रायव्हरला तिकडचा निरोप आधी मिळाला, तो तिकडे गेला.

आजोबा चाळीस मिनिटं जिन्यात पडून होते. चाळीस! आजींनी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा मी स्क्रीन बघितली आणि तिन्ही वेळा म्हटलं, "निघाली आहे, आजी, येतच असेल." चौथ्यांदा त्यांनी फोन केला नाही.

वाचले आजोबा. मांडीचं हाड मोडलं होतं, काठी लागली ती कायमची, पण वाचले. आणि दोन दिवसांनी आजींचा फोन आला. मला वाटलं आता शिव्या. नाही हो! शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही निघाली म्हणालात म्हणून मी दार उघडून उभी राहिले. नाहीतर शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं असतं." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, तुम्हाला सांगते. रात्रीचा घास गेला नाही मला.

मी आमच्या कॉम्प्युटरच्या इंजिनिअरला विचारलं, असं कसं झालं? तो खुर्ची गोल फिरवत म्हणाला, "नेटवर्क गेलं होतं, काकू." मी म्हटलं, गेलं तर गेलं, पण कॉम्प्युटरने मला खोटं का सांगितलं? तर म्हणतो, "ते जरा आतलं असतं... तुम्हाला नाही कळणार."

झालं! आता मला एखाद्याने "तुम्हाला नाही जमणार" म्हटलं तर मी सोडून देईन. स्कूटर मला जमली नाही, पोहणं जमलं नाही, नणंदेशी पटवून घेणं जमलं नाही, मान्य! पण "नाही कळणार"? आठ महिने मी पोरीकडून प्रोग्रामिंग शिकले. पोटची पोर, पण शिकवताना सासूसारखी! "आई, कंस बंद कर. आई, कंस! आई, किती वेळा सांगू?" आणि मग पेपरात वाचलं की युनिव्हर्सिटीत नोकरी करणाऱ्यांना एकच विषय घेऊन शिकता येतं. विषयांची यादी बघितली, एकाखाली लिहिलं होतं, डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सची मूलतत्त्वं: वेगवेगळ्या ठिकाणचे कॉम्प्युटर, मधला संपर्क तुटला तरी, एकमताने कसे वागतील. मी तो कागद फ्रीजवर चिकटवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला काय गरज होती, सांगा!

बाईंना पोरं 'कात्री' म्हणायची. मला वाटलं जीभ तिखट असेल. तर नाही! बोलणं एकदम मऊ. कात्री म्हणजे खरीखुरी कात्री. लाल मुठीची, शिंप्याची असते तशी. ती का, ते पुढे सांगते.

पहिल्या आठवड्यात त्या समजावत होत्या, चार कॉम्प्युटरांनी मिळून एक काम असं करायचं की बाहेरच्याला वाटावं एकानेच केलंय. माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे आमच्या सासरी चार जावा मिळून स्वयंपाक करायच्या तसं. पाहुण्याला वाटायचं एकीनेच केलाय... फक्त भाजीत मीठ चारदा पडायचं." वर्ग हसला. मला वाटलं धरणी दुभंगावी आणि मी, दप्तर, डबा, सगळं आत जावं. पण कात्रीबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "का पडायचं चारदा?" मी म्हटलं, कारण प्रत्येकीला वाटायचं दुसरीने घातलं नसेल, आणि विचारलं तर आवाज पोहोचायचा नाही, स्टोव्हचा आवाज. तर बाई वर्गाकडे वळून म्हणाल्या, "लिहून घ्या. निरोप पोहोचला की नाही हे कळत नसताना तोच निरोप पुन्हा पाठवला, तरी मीठ एकदाच पडलं पाहिजे. आजचा धडा हाच." आणि साठ पोरांनी माझ्या जावांचं मीठ वहीत उतरवून घेतलं!

तरी सगळं असं गोड नव्हतं हं. निम्मं डोक्यावरून जायचं. पुस्तक इतकं जाड की डोकं ठेवायला उशी म्हणून बरं. पहाटे साडेपाचला उठून वाचायचं, नऊची बस, वर्ग, मग ड्यूटी. आणि घरी आमचे हे. आमचे हे घड्याळजी. कोपऱ्यावर छोटंसं दुकान, बावीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतात. मी घरी येऊन सांगितलं की बाई म्हणाल्या, कुठल्याच दोन घड्याळांवर कधी पूर्ण विश्वास ठेवायचा नाही. अहो, चष्मा काढून ठेवला त्यांनी!

"कोण म्हणाली?"

"आमच्या बाई."

"घड्याळावर विश्वास नाही? मग मी बावीस वर्षं दुकानात काय करतोय? बटाटे विकतोय?"

दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी डबा द्यायला दुकानात गेले तर हे भिंतीसमोर उभे, हातात वही. भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांची वेळ लिहून काढलेली. मला बघून हळूच म्हणाले, "सोमवारी मी सगळी एकदम लावली होती गं. आज बुधवार. बघ, जो तो आपापल्या वाटेने..." आणि मग थोडं थांबून, "तुझ्या बाई हुशार आहेत." तेव्हापासून पहाटेचा चहा ते करायला लागले. आता मला सांगा, असा नवरा मिळाल्यावर माणसाने तक्रार तरी कशाची करायची? आणि नाही करायची तर मी बोलू काय?

घड्याळांचंच पुढे. एके दिवशी कात्रीबाईंनी कोडं घातलं. दोन ठिकाणी दोन घड्याळं, दोन्ही चुकीची, तर कुठली गोष्ट आधी झाली आणि कुठली नंतर, हे कसं ठरवायचं?  आणि मला एकदम आमची जुनी वही आठवली. मला ज्यांनी काम शिकवलं त्या आमच्या थोरल्या बाई, कंट्रोल रूमच्या मुख्य, आता निवृत्त, त्या भिंतीवरच्या घड्याळाला विचारायच्याच नाहीत. प्रत्येक फोनला एक नंबर, आणि पलीकडच्या खोलीला निरोप दिला की आपला नंबर सांगायचा. त्यांचा निरोप आला आणि त्यांचा नंबर आपल्यापेक्षा मोठा असला, तर आपली वही तिथून पुढे. म्हणजे निरोप पाठवल्याचा नंबर नेहमी लहान, मिळाल्याचा नेहमी मोठा. घड्याळ बंद पडलं तरी चालेल. मी उभी राहून हे सांगितलं. कात्रीबाईंनी खडू खाली ठेवला.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आमच्या थोरल्या बाईंनी. पेन्सिलीने."

"ताई," त्या म्हणाल्या, "पुढचे दोन तास मी नेमकं हेच शिकवणार होते."

त्या संध्याकाळी मी थोरल्या बाईंना फोन केला. म्हटलं, तुमची वही युनिव्हर्सिटीत शिकवतात! तर म्हणाल्या, "म्हणजे तुला तेव्हा समजलंच नव्हतं वाटतं. पुन्हा जाऊन शिकावं लागलं?" पण फोन ठेवताना आवाज जरा ओला होता, तुम्हाला सांगते. त्यांचा. माझा नाही. बरं, माझापण.

मग आला प्रोजेक्ट. तिघांचा गट. माझ्या वाट्याला एक मुलगी, इतकी जोरात टाइप करायची की मी तिला 'टकटक' म्हणायचे, आणि एक मुलगा, त्याला काहीही विचारा, "होईल काकू, होईल." म्हणून तो 'होईल'. मी म्हटलं, आपण ॲम्ब्युलन्स वाटायच्या. तीन कॉम्प्युटर, चौदा गाड्या, एक गाडी दोघांना जाता कामा नये. टकटक म्हणाली छान. होईल म्हणाला होईल. एक कॉम्प्युटर प्रमुख, तो गाड्या वाटणार. आणि तीन सेकंदांत प्रमुखाकडून काही ऐकू आलं नाही तर? तर तो गेला समजायचं आणि दुसऱ्याने प्रमुख व्हायचं. सोपं! दोन आठवडे खपलो. चाललं की हो! होईल तर स्क्रीनला नमस्कार करत होता.

तपासणीच्या दिवशी प्रयोगशाळेत तीन टेबलं, तीन कॉम्प्युटर, मध्ये निळी वायर. कात्रीबाई आल्या, बघितलं, म्हणाल्या, "छान." आणि पर्समधून ती लाल मुठीची कात्री काढली आणि... कच्च!

वायर कापली! भर प्रयोगशाळेत! होईल किंचाळला.  पहिल्या टेबलावरच्या स्क्रीनवर आलं, 'मी प्रमुख. सात नंबर: दिली.' आणि तिसऱ्या टेबलावरच्या स्क्रीनवर आलं, 'मी प्रमुख. सात नंबर: दिली.'

सात नंबर. बाकी तेरा गाड्या होत्या हो.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी तिथेच स्टुलावर बसले. तो जिना, ते उघडं दार, सगळं त्या दोन स्क्रीनवर. आणि मी स्वतःच्या हाताने केलेलं! टकटक बिचारी घाबरली, "काकू, पाणी देऊ?" कात्रीबाई शेजारी येऊन बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, आजी, आजोबा, तीन फोन. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कॉम्प्युटर खोटं नाही बोलला, ताई. समोरचा गप्प आहे, एवढंच त्याला दिसलं. समोरचा मेलाय की नुसती वायर तुटली, हे त्याला इथे बसून कळूच शकत नाही. तुम्हालाही कळलं नसतं. मलाही नाही." आणि मग, "नापास नाही केलं तुम्हाला. पुढच्या शुक्रवारी मी परत येईन. कात्री घेऊन."

मी त्या शनिवारी आजींच्या घरी गेले. मला काय गरज होती, सांगा! पण गेले. तिसरा मजला, तोच जिना. आजींनी दार उघडलं, आजोबा काठी घेऊन खिडकीशी. मी नमस्कार म्हटलं, आणि नाव सांगायच्या आधीच आजी म्हणाल्या, "'निघाली आहे, आजी' त्या तुम्हीच ना? आवाज ओळखला." मी त्यांना सांगितलं, वायर, दोन खोल्या, दोन स्क्रीन. त्यांनी चहाच्या दोन कपांवर समजावून घेतलं, मध्ये चमचा ठेवून, मग चमचा काढून. आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमचा दोष नव्हता, हे सांगायला आलात?" मी म्हटलं, नाही, आजी. चूक कुठे होती ते कळलं, हे सांगायला आले. आणि ती अजून तिथेच आहे, काढायची आहे. आजोबा खिडकीतूनच म्हणाले, "मग इथे चहा पीत काय बसलात? जा की!"

गेले!

आणि उत्तर इतकं साधं, तुम्हाला सांगते, कुणी सांगितलं की वाटतं हात्तिच्या. तिघांतल्या दोघांचं एकमत असल्याशिवाय एकही गाडी हलवायची नाही. वायर तुटून एखादा एकटा पडला, तर त्याने प्रमुख व्हायचं नाही, त्याने मुकाट्याने म्हणायचं, 'थांबा. मला खात्री नाही.' बस्स! दोघांचं बहुमत दोन ठिकाणी होऊच शकत नाही, तीनच तर आहेत! शुक्रवारी कात्रीबाईंनी कच्च केलं, आणि पहिल्या स्क्रीनवर आलं, 'थांबा. मला खात्री नाही.' टकटकने मला मिठी मारली. होईल म्हणाला, "झालं, काकू." पहिल्यांदा! भूतकाळात!

आता ऑफिस. आमच्याकडे कॉम्प्युटर दोनच, दोघांत कसलं डोंबलाचं बहुमत! तिसरा हवा. मी साहेबांकडे गेले, कागदावर चित्र काढून. साहेब म्हणाले, "ॲम्ब्युलन्सचा कॉम्प्युटर म्हणणार, मला खात्री नाही? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, साहेब, त्याला खात्री नाही हे मला कळलं, की मी वायरलेसवर ड्रायव्हरला विचारीन, बाबा रे, तू आहेस कुठे? वीस वर्षं तेच केलंय. पण तो छातीठोक खोटी खात्री देतो, तेव्हा मी विचारतच नाही! साहेब इंजिनिअरकडे बघायला लागले. मला वाटलं, आता हा म्हणणार, काकूंना नाही कळणार. तो कागद बराच वेळ बघत होता. खुर्ची फिरवली नाही. मग म्हणाला, "काकूंचं बरोबर आहे, साहेब. मला तेव्हा हे सांगता आलं नाही, कारण... मलाच कळलं नव्हतं." दोन महिन्यांत गाड्यांच्या गॅरेजमध्ये तिसरा कॉम्प्युटर बसला. रात्रपाळ्या करून त्यानेच बसवला. त्याला काय बोलायचं? मोठ्या मनाचा निघाला मेला. रागवायची सोयच ठेवली नाही.

आणि गेल्या महिन्यात, दुपारी अडीचला, रस्ता खणणाऱ्यांनी आमची वायर तोडली. खरीखुरी. माझ्या स्क्रीनवर आलं, 'थांबा. मला खात्री नाही.' अहो, इतकं सुंदर वाक्य मी आयुष्यात वाचलं नाही! लग्नाआधी यांनी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, त्यांतसुद्धा नाही. मी वायरलेस उचलला. बावीस मिनिटं वायर तुटलेली होती, सहा फोन आले, सहा गाड्या गेल्या, जिन्यात कुणी वाट बघत राहिलं नाही. वायर जोडली गेल्यावर मी जागेवरच थोडी रडले आणि सातव्या फोनला म्हटलं, "घाबरू नका."

परीक्षेत? पास झाले. काठावर. कात्रीबाईंनी पेपरावर लिहिलं होतं, 'समज उत्तम, कंस बंद करा.' पोरीने तो पेपर घरभर फिरवला.

आणि आता या सत्रात बाईंचा फोन. "ताई, नवीन वर्गाला एक तास तुम्ही घ्या. झालं ते सगळं सांगा." मी? फळ्यापुढे?  पण उभी राहिले. तासभर बोलले. आजींचे तीन फोन सांगितले, न आलेला चौथा सांगितला, थोरल्या बाईंची पेन्सिल, घड्याळजी, कात्री, सगळं.   शेवटी म्हटलं, मुलांनो, ज्यांनी ज्यांनी मला शिकवलं त्या सगळ्यांची मी ऋणी आहे, आता कुणाला काही विचारायचं असेल तर मोकळेपणी विचारा.

 मग मागच्या बाकावरून एक हात वर आला. मी म्हटलं, विचार बाळा, विचार.

"मॅडम... हे परीक्षेला आहे का?"

काय करणार! "आहे," म्हटलं. धडधडीत खोटं. आणि साठच्या साठ माना एकदम खाली गेल्या, लिहायला.